चावी आत, माणसं बाहेर

गाडीची चावी आत राहिली आणि दार बाहेरून लागलं, हा आपल्याकडे एकेकाळी घराण्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगा प्रसंग असे. अमक्या काकांनी भीमाशंकरला असं केलं. मग कुणी फूटपट्टी आणली, कुणी छत्रीची काडी उपसली, हॉटेलवाल्याने ‘हे इथे रोजचंच आहे’ म्हणून धीर दिला आणि संध्याकाळी शेवटी काच फोडली. काकांनी पुढे आयुष्यात सोसायटीचं कन्व्हेयन्स करून घेतलं, दोन भाच्यांना नोकरीला चिकटवलं, पण लग्नाकार्यात त्यांची ओळख ‘चावीवाले काका’ अशीच करून दिली गेली. आता भाड्याच्या गाडीचं अ‍ॅप नेमकं तेच करायला सांगतं, आणि वर कृपया म्हणतं. कृपया चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. कृपया सगळी दारं लावा. कृपया बाहेर या आणि मोबाइलवरून गाडी लॉक करा. काकांचं चुकलं ते एवढंच, की ते फार लवकर जन्मले.

स्वतः चालवायची गाडी तासावर भाड्याने मिळणं हे कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात आता रिक्षा मिळण्यापेक्षा सोपं झालंय. निदान ही गाडी ‘तिकडे नाही जाणार’ असं म्हणत नाही. आधी कंपन्या स्वतःच्या गाड्या देत. बंगळुरूत २०१३ साली झूमकार सुरू झाली ती अशीच. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की लोकांच्या दारात गाड्या आठवडाभर नुसत्या धूळ खात उभ्या असतात. मग ज्याची गाडी त्यानेच ती अ‍ॅपवर चढवायची आणि लागेल त्याने न्यायची, अशी पद्धत आली. डॅशबोर्डखाली एक डबी बसवतात, डबीत सिमकार्ड. आपण मोबाइलवर ‘लॉक’ दाबलं की निरोप आधी कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथून डबीकडे येतो, आणि मग डबी दाराला सांगते, बाबा रे, लाग. दार या सगळ्या वेळात आपल्यापासून हातभर अंतरावर असतं.

कायद्याचं म्हणाल तर १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेने अट घातली, की असा धंदा करायचा तर पदरी किमान ५० गाड्या हव्यात. अशा गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी. टॅक्सीचं याच्या उलट. घरच्या गाडीची पाटी पांढरी, आणि ती भाड्याने द्यायची नाही. पण नियम म्हटला की त्याच्या बाजूने जाणारी पायवाट आलीच. पांढऱ्या पाटीची गाडी हळूच भाड्याने देणारे महाभाग चावीबरोबर एक मामाही देतात. “रस्त्यात कुणी अडवलं तर मामाची गाडी म्हणून सांगा.” मग नाक्यावर गाडी अडते. गाडी कुणाची? मामाची. मामांचं नाव काय? इथे गाडीतले चौघे एकदम चार नावं सांगतात. त्यात हवालदारालाही आपली जनता मामाच म्हणते, त्यामुळे नात्यांचा जो गुंता होतो तो पावती फाडल्याशिवाय सुटत नाही.

आम्ही भाड्याने घेतलेली गाडी रीतसर काळ्या पाटीची होती, मामा लागणार नव्हता. आत्याला म्हसा गावच्या जत्रेला जायचं होतं.

म्हसा मुरबाड तालुक्यात, मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शहरातल्या लोकांना ते एरवी गोरखगडाच्या वाटेवर चहाला थांबण्यापुरतं ठाऊक असतं. देहरीला जाऊन गड चढायचा, खाली उतरून पाय धरले की परतताना म्हशाला वडापाव खायचा आणि फोटोखाली ‘सह्याद्री’ असं लिहायचं. पौष पौर्णिमेला मात्र म्हसोबाची जत्रा भरते आणि मग पुढे कितीतरी दिवस ठाणे, रायगड, पुणे, नगर, नाशिकची माणसं या एवढ्याशा गावात मावून दाखवतात. नवस फेडायला येणारे वेगळे, पाळण्यात बसायला येणारे वेगळे, घोंगड्या-चादरींच्या दुकानांपुढे दुपार घालवणारे वेगळे. आणि बैलबाजाराला येणारे तर फारच वेगळे. त्यांना देव, पाळणा, मिठाई यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त बैल दिसतो, तोही आपल्याला दिसतो तसा नाही.

बैल बघणं ही चीज उभं राहून पाहण्यासारखी आहे. आधी जबडा उघडून दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळलेला. मग खूर, शिंगं, वशिंड, अंगावरचे भोवरे. खांद्यावर हात फिरवायचा, जुवाने कातडं सोलवटलंय का ते बघायला. मग चार पावलं चालवून आणायचं, आणि तेवढ्या चार पावलांत गिऱ्हाइकाला बैलाचा स्वभाव, चाल आणि मागच्या मालकाचा कंजूषपणा असं सगळं कळतं. भाव तोंडाने बोलायचा नाही. हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, टॉवेल टाकणार, टॉवेलखाली दोन हात एकमेकांची बोटं दाबणार, भोवती उभ्या असलेल्या लोकांना काहीही कळणार नाही आणि तरी प्रत्येक जण मान हलवणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शर्यतींना हिरवा कंदील दाखवला, आणि तेव्हापासून शर्यतीच्या खोंडाचा भाव आपण विचारायचा नसतो, नुसता ऐकायचा असतो.

सौदा ठरला की जुना मालक बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घेतो. बैल दिला, दावं नाही द्यायचं. नवा मालक घरून आणलेलं दावं बांधतो. या एका दाव्याच्या सोडण्या-बांधण्यात सगळा हस्तांतरणाचा कागद आला. एकजण ‘सांभाळ’ म्हणतो, दुसरा ‘हो’ म्हणतो, आणि त्या दोघांनी तो क्षण एकमेकांच्या तोंडाकडे बघून घालवलेला असतो. नंतर कुणाला पाठीमागून तक्रार करायची झाली तर ते तोंड आठवतं.

भाड्याच्या बैलाचीही रीत होती. ज्याच्याकडे जोडी नाही तो पावसाळ्यापुरती नांगरणी-चिखलणीला जोडी न्यायचा आणि भाडं पीक आल्यावर भातात चुकतं करायचा. दोघांकडे एकेकच बैल असेल तर वारंगुळा करायचे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. काम आटोपलं की बैल धुऊन-पुसून परत. मालक अंगणात उभा असायचाच. तो काही बोलायचा नाही, सरळ खांदा बघायचा. खांदा ठीक असेल तर चहा. खांदा आला असेल तर चहा नाही, आणि पुढल्या पावसाळ्यात बैलही नाही. एवढी साधी रेटिंगची पद्धत होती, तारे-बिरे काही नाही. आणि एखाद्याला पोचवायला सवड नसलीच, तर बांधावर नेऊन सोडला तरी बैल आपला गोठा बरोबर गाठायचा. स्वतःहून मालकाच्या दारी जाऊन उभी राहील अशी गाडी बनवायला जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी किती पैसा ओतलाय ते आपण वाचतोच.

जत्रेत गाडी लावायची ती भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. शिटी तोंडात धरलेला एक पोरगा “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या” करत आपल्याला मागे घेतो आणि “बास” हे नेहमी बांधाला टेकल्यानंतर म्हणतो. पैसे क्यूआर कोडवर. यात नवल वाटायचं कारण नाही. याच तालुक्यातलं धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं, म्हणजे आपण शहरात दोन हजारांची नोट घेऊन सुट्ट्यासाठी वणवण फिरत होतो तेव्हा. बैलाचा सौदा मात्र कोडवर होताना मला दिसला नाही. कोड टॉवेलखाली स्कॅन होत नसावा.

शेतात गाडी उभी केली आणि आत्या घोंगड्यांच्या दुकानांकडे गेली. मी आणि पुतण्या धुळीकडे बघत उभे राहिलो, कारण सकाळी चकचकीत असलेली गाडी आता पावडर लावल्यासारखी झाली होती आणि ‘गाडी स्वच्छ परत न केल्यास शुल्क’ हे वाक्य पुतण्याला पाठ होतं. तेवढ्यात एक म्हातारे हेडी येऊन थांबले. डोक्याला टॉवेल, हातात शेंगदाण्याची पुडी. त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. चाकाला चपलेने टोचून पाहिलं. बॉनेटवर थाप मारली आणि कान देऊन ऐकलं.

“केवढ्याला पडली?”

“आपली नाही, बाबा. भाड्यानं आणलीय.”

“किती दिसांची?”

“आजच्यापुरती. रात्री नऊला परत द्यायची.”

“दाना-वैरन कोनाची?”

पेट्रोल आपलंच आणि घेताना जेवढं होतं तेवढं पोटात ठेवून द्यायची, असं मी सांगितलं. हे त्यांना पटलं. उपाशी जनावर परत देणारा माणूस कुठल्याच बाजारात चांगला समजला जात नाही.

“मालक कुठला?”

मालक आम्ही पाहिलेला नव्हता.

“मग दिली कोनी?”

“कुणी नाही. बेसमेंटमध्ये उभी होती. मोबाइलवरून दार उघडलं. चावी आतच होती.”

“नि परत कोनाला देनार?”

“कुणालाच नाही. फोटो काढायचे, चावी आत ठेवायची, कुलूप लावून निघायचं.”

म्हाताऱ्यांनी पुडीतले शेंगदाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. “म्हंजे कोनी दिली नाय, कोनी घेतली नाय,” ते म्हणाले, “नि भाडं मात्र लागलं.”

जाता जाता त्यांनी डाव्या बाजूच्या मागच्या दारावर अंगठा फिरवला. धूळ पुसली गेली आणि खालून वीतभर चरा निघाला. “हा जुना नाय वाटत,” एवढं बोलून ते बैलांकडे निघून गेले. त्यांचा धंदा होता. आमचा दिवस गेला.

खरं तर त्यांना सांगायला हवं होतं, की गाडीचा वारंगुळा काही कालपरवाचा नाही. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या लोकांनी १९४८ साली अशी सहकारी संस्था काढली होती, ज्यांना एकेकट्याला गाडी परवडत नव्हती अशांची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९७४ मध्ये विटकार नावाच्या विजेवरच्या, उभट डब्यासारख्या पांढऱ्या गाड्या आल्या. त्या कुठल्याशा ठरावीक थांब्यावर नेऊन लावायच्या, म्हणजे परत दिल्या. पॅरिसने डिसेंबर २०११ मध्ये ऑटोलिब काढली, रस्त्यारस्त्यावर हजारो गाड्या. तिथे पुढे तक्रारी यायला लागल्या, की गाड्या घाण असतात आणि काहींत रात्री माणसं झोपलेली सापडतात. २०१८ च्या उन्हाळ्यात कर्जाखाली ती बंद झाली. गाडी सगळ्यांची झाली की तिच्यात खाल्लेल्या केळ्याची साल कुणाचीच नसते, एवढं फ्रेंच लोकांनाही कळलं. आपल्या शेजारी गोव्यात याहून सुटसुटीत पद्धत चालते. विमानाची वेळ झाली की पार्किंगमध्ये गाडी उभी करा, चावी पायपुसण्याखाली सरकवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका आणि उडा. पायपुसणं काय, सिमकार्ड काय, शेवटी दोन्ही भरवशावरच चालतात, पण पायपुसण्याला रेंज लागत नाही.

संध्याकाळी आम्ही निघालो. म्हशाहून कल्याणला येताना पावसाळ्यात रायत्याच्या पुलापाशी उल्हास नदी रस्ता अडवते, उरलेले आठ महिने ते काम शहाडचा पूल करतो. मुरबाडला रेल्वे येणारच आहे, त्यामुळे रस्त्याची कुणाला घाई नाही. गाडी उशिरा दिली तर तासाला दंड, म्हणून पुतण्या दर दोन मिनिटांनी मोबाइलच्या नकाशात पोचायची वेळ बघत होता. नकाशातली वेळ आमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकत होती. गोवेलीच्या अलीकडे आत्याला वालाच्या शेंगा दिसल्या. अशा वेळी गाडी न थांबवणारा माणूस आमच्या घरात टिकत नाही. शेंगा घेताना तिने भाव केला, भाव न पटून दोन पावलं चालून गेली, परत आली, आणि पुतण्याच्या चेहऱ्यावरून तासाचा दंड टप्प्याटप्प्याने वाढताना मला दिसला.

मग पेट्रोल. घेताना काट्यावर पाच काड्या होत्या, आता चार. पाचापेक्षा कमी दिल्या तर दंड. जास्त दिल्या तर कुणी शाबासकी देत नाही, आणि आपल्या पैशाचं पेट्रोल पुढच्या अनोळखी माणसाने जाळावं एवढी कुणाची छाती नसते. म्हणून “दोनशेचं टाका” असं आधी सांगायचं, चावी फिरवून काड्या बघायच्या, मग “अजून पन्नासचं टाका.” पंपावरच्या पोराने आम्हाला बघून गाडीच्या पाटीकडे पाहिलं आणि समजल्यासारखा हसला. भाड्याच्या गाड्या त्याच्याकडे अशाच हप्त्याहप्त्याने पेट्रोल पितात. पाचवी काडी काही येईना. पण टाकीतली पातळी तरंगत्या गोळ्यावरून मोजली जाते, त्यामुळे गाडी चढावर उभी की उतारावर यावर काडी येते-जाते. हे शास्त्र पुतण्याला शाळेत शिकवलं तेव्हा कळलं नव्हतं. बेसमेंटच्या उतारावर गाडी तिरपी थांबवून त्याने पाच काड्यांचा फोटो बरोबर मिळवला.

पण त्या आधी फाटक होतं. गाडीची ठरलेली जागा म्हणजे एका मोठ्या सोसायटीचं तळघर, आणि फाटकावर ‘बाहेरील वाहनांना प्रवेश नाही’. वॉचमन रजिस्टर घेऊन आला.

“कोणाकडे?”

“कोणाकडे नाही. गाडी परत द्यायला आलोय.”

“कोणाला?”

दिवसभरात दुसऱ्यांदा हा प्रश्न आला होता आणि पहिल्यापेक्षा चांगलं उत्तर अजून तयार नव्हतं. मालक चौथ्या मजल्यावर राहतो, पण तो बाहेरगावी आहे. मग तुम्हाला आत सोडू का म्हणून कोणाला विचारू? गाडीलाच विचारा, आत्या मागच्या सीटवरून म्हणाली. वॉचमनने थोडा विचार केला आणि ‘कोणाकडे’ या रकान्यात खरोखरच गाडीचा नंबर लिहिला.

खाली ठरलेल्या जागेवर कुणाची तरी स्कूटर, ताडपत्री पांघरून. शेजारची जागा मोकळी होती. पण गाडी तिथे उभी केल्यावर अ‍ॅप म्हणायला लागलं, की तुम्ही ठरलेल्या जागी नाही. बरोबर. मग स्कूटर सरकवून गाडी बरोबर जागेवर आणली, तर नकाशाने आम्हाला कल्याणच्या खाडीत नेऊन उभं केलं. तळघरात उपग्रहाचा पत्ता लागत नाही, आणि वर आलं की उंच इमारतींवरून तो आदळत-आपटत येतो, असं पुतण्या म्हणाला. खाडीतून बाहेर येऊन अ‍ॅपने मग फोटो मागितले.

पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चारी कोपऱ्यांतून, आतून, काट्याचा, किलोमीटरचा. माझ्या पणजोबांचा घरात एकच फोटो आहे, तोही अर्धा उधईने खाल्लेला. या गाडीच्या डाव्या मागच्या दाराचे आमच्या घराण्याने त्या दिवशी जेवढे फोटो काढले तेवढे पणजोबांपासून माझ्यापर्यंतच्या सगळ्यांचे मिळून निघणार नाहीत. कारण चरा. सकाळच्या फोटोत तो होता का, हा खटल्याचा मुद्दा. सकाळचा फोटो मोठा करून पाहिला, तर नेमक्या त्या जागी पुतण्याच्या केशरी टी-शर्टचं प्रतिबिंब. आता अंधारात फ्लॅश मारला की चरा नाहीसा होतो आणि बंद केला की गाडीच नाहीशी होते. आत्याने पदराने दार पुसून पाहिलं, त्यामुळे चरा आणखी स्पष्ट झाला. माणूस एरवी स्वतःच्या बाजूने इतके पुरावे गोळा करत नाही. कुणी आरोप केलेला नसताना तर नाहीच.

शेवटी चावी कप्प्यात ठेवली, सगळे बाहेर आलो, दारं लावली आणि पुतण्याने ‘ट्रिप संपवा’ दाबलं. वर्तुळ फिरलं. फिरत राहिलं. तळघरात नेटवर्क नव्हतं. निरोप मोबाइलमधूनच बाहेर पडेना, मग संगणकापर्यंत आणि डबीपर्यंत जाण्याची गोष्टच नको. चावी आत, दार उघडं. अशा गाडीला सोडून वर जायचं म्हणजे बैल गेला नि झोपा केला, म्हणून मी गाडीपाशी थांबलो आणि पुतण्या रेंजच्या शोधात उतार चढून वर गेला.

वर त्याला दोन काड्या मिळाल्या. त्याने ‘लॉक’ दाबलं आणि ओरडून विचारलं, “काका, लागलं का?” मला ऐकू आलं नाही, कारण मध्ये उताराचं वळण. फोन करावा तर माझ्या फोनलाही खाली रेंज नाही. मग वळणावर वॉचमनला उभं केलं. पुतण्या वरून ओरडणार, वॉचमन ते मला सांगणार, मी दार ओढून बघणार, ‘नाही’ म्हणणार, वॉचमन ते वर पोचवणार. आमचा हा आवाज ऐकून स्कूटरवाला खाली आला, आपली स्कूटर कुणी हलवली म्हणून भांडायच्या तयारीत. पण प्रकार समजल्यावर तोही मदतीला लागला. त्याने मोबाइलची बॅटरी गाडीच्या काचेवर धरली, की लॉकचा दिवा लागतो का बघायला. कुणीही हजर नसताना परत करता येते अशी ती गाडी परत करायला त्या घडीला एवढी माणसं लागली होती.

एकदाचा आतून ‘टुक’ असा आवाज झाला. वॉचमनने वर आरोळी दिली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या.

आता खरं तर संपलं होतं. पण कुलूप लावल्यावर ओढून बघितल्याशिवाय मराठी माणूस हलत नाही. घराचं कुलूप आपण लावतो, तीनदा हिसका देतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि एकाला परत पाठवतो. मी पुढचं दार ओढलं. स्कूटरवाल्याने मागचं ओढलं. वॉचमनने जबाबदारीच्या नात्याने डिकी ओढली. आत्या शेवटी आली आणि तिने चारही दारांना एकेक हिसका दिला, तेव्हा गाडीचा संयम संपला आणि भोंगा वाजायला लागला. ज्या गाडीची चावी आत आहे आणि ट्रिप संपलेली आहे, तिचा भोंगा बंद करायचा अधिकार जगात आमच्यापैकी कुणालाच नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. भोंगा आपल्या मनाने थांबला तोवर त्या सोसायटीत आमची बऱ्यापैकी ओळख झाली होती.

अनामत परत मिळायला पाच ते सात दिवस लागतील, असा मेसेज वाटेतच आला. त्यातले पहिले दिवस चऱ्याने घालवले. पुतण्या मध्यरात्री उठून फोटो बघायचा. आत्या मात्र निर्धास्त होती. तिच्या मते अंगठा फिरवणाऱ्या त्या हेड्याला चष्म्याची गरज होती.

चौथ्या दिवशी फोन वाजला. पलीकडे गाडीचा मालक. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. मी आधी चऱ्याचंच काढलं, फोटोंचे क्रमांकही सांगायला लागलो.

“तो चरा ना?” तो म्हणाला, “अहो, तो मीच पाडलाय. फाटकाला. दिवाळीत.”

मग तो ज्यासाठी फोन केला होता त्याकडे वळला. मागच्या सीटखाली, अगदी आत सारलेली, एक काळी घोंगडी सापडली, तुमची का? मी आत्याकडे पाहिलं. जत्रेत दोन घोंगड्या घेतल्या होत्या हे तिने घरात सांगितलेलं नव्हतं. एक सुनेला दाखवली होती, दुसरी सावकाश वर आणायचा तिचा बेत होता, आणि भोंग्याच्या गडबडीत तो राहून गेला.

“आमचीच आहे,” मी म्हटलं. “संध्याकाळी येऊन घेऊन जातो.”

“त्याचं असं झालंय,” मालक जरा अडखळला, “गाडी आज माळशेजला गेलीय. ज्यांनी नेलीय त्यांनाच ती सापडली. वर घाटात गारठा आहे म्हणतात. रविवारी गाडीबरोबरच परत देतो म्हणालेत, कप्प्यात चावीशेजारी ठेवून.”

“घोंगडी कप्प्यात मावणार नाही,” आत्या मागून म्हणाली. “आणि त्यांना सांग, अंगावर घेतलीच आहे तर आधी उन्हात घाला. नवी आहे, खाजेल.”